भुरीचे श्वास

सौंदड
१७ नोव्हेंबर २०२५

चेतना,

वर 'चि.' लिहावं की नाही यातच दहा मिनिटं गेली. चौतीस वर्षं पोरांना पत्राचे मायने शिकवले आणि स्वतःच्या लेकीला लिहिताना एकही सुचेना. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. फोन तू उचलत नाहीस. उचलावास असं माझं वागणंही नव्हतं. तुझ्या आईच्या तेरवीला भरल्या मांडवात मी तुला जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. सहा वर्षांत तू ते विसरली असशील असंही समजत नाही.

आज लिहायचं कारण मांजर आहे. हसायचं तर हस.

आई गेल्यावर वर्षभराने ती धानाच्या कोठीत येऊन राहिली. भुरकट रंग, म्हणून भुरी. मी काही मांजरं पाळणाऱ्यातला नाही, पण सकाळी मी उठायला उशीर केला की ती छातीवर येऊन बसते आणि तोंडाकडे बघत राहते. घरात माझ्याकडे बघणारं दुसरं कोणी नाही. गेल्या खेपेला तिची दोन पिल्लं पोटातच अडकून मेली. सडक अर्जुनीच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आली आहे, प्रेरणा नावाची, भंडाऱ्याकडची. ती म्हणाली, "काकाजी, पुढच्या खेपेले ही वाचत नाही. पिशवी काढून टाकू." गावात टिंगल झाली. गुरुजी मांजरीची नसबंदी करून राहिले म्हणे. होऊ दे.

परवा शनिवारी सकाळी दहाला शेजारच्या खुशीच्या स्कूटीवर टोपली बांधून गेलो. खुशी आता कॉलेजात आहे, तू नागपूरला गेलीस तेव्हा फ्रॉक घालत होती. दवाखान्यात बाहेर म्हशींना जखडून उभं करायचा खोडा आणि आत एक टेबल, तेही शेळ्यांच्या मापाचं. त्यावर भुरी म्हणजे मूठभर दिसत होती. डॉक्टरणीने विचारलं, रात्रीपासून काही खायला दिलं नाही ना? तिचं पोट रिकामंच होतं. मी तसं सांगितलं.

मांडीत सुई टोचली आणि पाच-सात मिनिटांत ती माझ्या हातातच सैल पडली. डोळे उघडेच. मला वाटलं, गेली. डॉक्टरीण म्हणाली, मांजराचे डोळे भुलीतही मिटत नाहीत, आणि तिने त्यात मलम घातलं, सुकू नयेत म्हणून. मी त्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं. आत कोणी नव्हतं, चेतना. अंग गरम, छाती हलते आहे, आणि आत कोणी नाही. मग कुठे गेली होती ती? एवढं साधं कोडं पासष्ट वर्षांत मला कधी पडलं नव्हतं. तू तर रोज भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभी राहतेस. तुला काय वाटतं तेव्हा, हे मी कधी विचारलंच नाही.

पोटाचं काम पाऊण तासात झालं. टाके पडले. डॉक्टरीण हात धुवायला वळली आणि भुरीने मान ताणली, उचकी लागल्यासारखं केलं आणि ओकली. अर्धवट भुलीत. जे वर आलं त्यातलं काही परत आत गेलं, पण चुकीच्या वाटेने. जीभ जांभळी झाली. छाती थांबली.

तिथला पट्टीबंधक देवानंद, चाळिशीचा बाप्या, म्हशीच्या लाथा खाल्लेला, त्याने तिचं डोकं खाली धरलं. डॉक्टरणीने बोटाला कापड गुंडाळून घसा पुसला, जीभ ओढून धरली आणि बारीक नळी हातात घेऊन थांबली. मी ओरडलो, थांबता कायले? ती नळीवरची नजर न हलवता म्हणाली, "मांजराच्या घशाले शिवलं की तो दार लावून घेते. जबरदस्ती केली तर उघडतच नाही." तिने घशात औषध फवारलं. आणि खुशी धरून आम्ही चौघे उभे राहिलो. अर्धं मिनिट असेल. पण कधी बघ घड्याळ लावून, अर्धं मिनिट किती असतं ते. मग देवानंदने टॉर्च धरला, दार उघडलं, नळी आत गेली, आणि त्या पोरीने नळीला तोंड लावून स्वतःचा श्वास त्या मांजरीत घातला. बोटाएवढा श्वास. भुरीचं पोट वर आलं. पुन्हा घातला. पुन्हा वर आलं. सातव्या की आठव्या वेळेला तिने फुंकलंच नाही, आणि पोट आपोआप वर आलं.

मी भिंतीला टेकून बसलो. माझ्या डोळ्यांसमोर एक जीव नव्हता आणि मग होता.

पुसल्या कापडावर पांढरं काही दिसलं. डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शेजारीपाजारी कुठं तोंड घातलं असेल.

आता ती घरी आहे, पण श्वास धड नाही. बसल्या जागी मिनिटाला सत्तर. डॉक्टरीण म्हणते, तीसच्या आत हवे. फुप्फुसात गेलं आहे ते तिथं बसलं तर कठीण आहे. तुझं हेच काम आहे. माझ्याशी बोलू नको, पण मांजरीसाठी काही करता येईल तर सांग.

दुलीचंद गुरुजी
(ही सवय. बाबा लिहायला हात धजला नाही.)


सौंदड
२१ नोव्हेंबर

चेतना,

काल दुपारी खुशी फोन घेऊन धावत आली, त्यात तुझ्या आवाजातला निरोप होता. तुझा नंबर तिच्याकडे आहे आणि तुम्ही दर दिवाळीला बोलता, हे मला कालच समजलं. बरं वाटलं. थोडा रागही आला, तो गिळला.

तुझा आवाज जरा जाड झाला आहे. "खुशी, बाबाले सांग, तिले एकाच कुशीवर पडू देऊ नका. दर दोन घंट्यानं कूस बदलवा. छाती जराशी उंच ठेवा. जबरदस्तीनं तोंडात काही ओतू नका. अन् पोटात काय होतं ते डॉक्टरले खरं सांगा म्हणा. खरं सांगतलं तरच औषध बरोबर लागते."

मी तो निरोप अकरा वेळा ऐकला. खुशी शेवटी म्हणाली, "गुरुजी, बॅटरी संपून राहिली." सगळी वाक्यं कामाचीच होती, पण त्यातल्या एका शब्दासाठी मी ऐकत होतो. बाबाले.

तर खरं सांगतो. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. शनिवारी सकाळी साडेआठला मी भुरीला वाटीभर पेज दिली. कोमट, दूध घालून, तिला आवडते तशी.

तुला आपल्या घरची रीत माहीत आहे. माझी आई कोणाला तोंड उष्टं केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. परीक्षेला जाणारं पोर असो की सोयरीक जमवायला जाणारा माणूस, दोन घोट पेज पोटात गेलीच पाहिजे. नांगराला जाणाऱ्या बैलाच्या तोंडातही ती आधी मूठभर भात घालायची. उपाशी जिवाला घराबाहेर काढणं म्हणजे त्याला परत येऊ नको म्हणणं, असं ती म्हणे. डॉक्टरणीने सांगितलं होतं, खुशीने दोनदा आठवण केली होती. मी मान डोलावली आणि खुशी टोपली आणायला वळली तेव्हा वाटी पुढे केली.

आज दवाखान्यात जाऊन हे सांगितलं. डॉक्टरीण चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने इंजेक्शन बदललं, आणि एका टोपलीवर प्लास्टिक बांधून आत औषधाची वाफ सोडायला शिकवलं. भुरी टोपलीत, बाहेर मी, मधे धुकं. सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं ती माझ्याकडे बघते आणि मी तिचे श्वास मोजतो. सत्तर. अडुसष्ट. पुन्हा बहात्तर. बाहेर चुरणं चालू आहे, मळणीयंत्राची धूळ येते म्हणून माजघराच्या खिडक्या गोणपाट ठोकून बंद केल्या आहेत. यंदाचं धान कोणी कसं भरलं ते मी पाहिलेलं नाही. देवाशपथ पर्वा नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. डॉक्टरणीने आज आपला आळा, म्हणजे स्टेथोस्कोप, माझ्या कानात घातला आणि त्याची चकती भुरीच्या छातीवर ठेवली. म्हणाली, ऐका, नाहीतर तुमचा विश्वास बसायचा नाही. आधी काळीज ऐकू आलं. मोजता येईना इतकं भरभर. एवढ्याशा जागेत एवढी घाई कशाची, मला कळेना. मग तिने चकती खाली सरकवली. तिथे धानाच्या कोरड्या तणसावरून कोणी हलक्या पायाने चालत जावं तसा आवाज होता. प्रत्येक श्वासाला. "हे पेजेचं," ती म्हणाली. मग तिने दुसऱ्या बाजूला ठेवली. तिथे काहीच आवाज नव्हता, नुसता वारा आत जायचा आणि बाहेर यायचा. "हे चांगलं फुप्फुस."

मी तो चांगला आवाज ऐकत राहिलो. तिने शेवटी हाताला धरून आळा काढून घेतला. जन्मभर मी श्वास घेतो आहे, वर्गात पोरांना प्राणवायूचा धडा शिकवला आहे, फळ्यावर फुप्फुसांचं चित्र काढलं आहे. ऐकलं मात्र आज. कोणी न सांगता, कोणी न ढकलता ते आत जातं आणि बाहेर येतं, आणि तेवढ्यावर सगळं चाललेलं असतं. मला हात जोडावेसे वाटले. कोणापुढे ते कळलं नाही, म्हणून देवानंदपुढे जोडले. तो म्हणाला, "काऊन जी गुरुजी, मी तं फक्त टॉर्च धरला."

बाबा


सौंदड
२६ नोव्हेंबर

चेतना,

भुरी बेचाळीसवर आली आहे. काल तिने स्वतःहून उकडलेल्या मासळीचा तुकडा खाल्ला आणि आज सकाळी माझ्या छातीवर चढायला पाहत होती, टाक्यांमुळे जमलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, सुटली. हे आधी लिहिलं, म्हणजे तू पुढचं वाचताना मांजरीची काळजी करणार नाहीस.

सोमवारी मी डॉक्टरणीला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हटलं, समजा माणसाचं ऑपरेशन आहे, आणि सकाळी कोणी त्याला गोळीसोबत दोन घोट पाणी दिलं, तर त्यालाही असं होईल का? ती भुरीचं तापमान घेत होती. वर न बघता म्हणाली, "दोन घोट पाण्यानं काही होत नाही, काकाजी. बीपीची गोळी तं डॉक्टर स्वतःच घ्यायले लावतात. पाणी पोटात थांबतच नाही. पेज, दूध, भात, हे थांबते."

मी बाहेर येऊन खोड्याच्या दांडीवर बसलो. कोणाची तरी म्हैस माझ्याकडे बघत होती. खुशीने स्कूटी काढली, तिला म्हटलं जरा थांब.

आता लिहितो. मधे थांबलो तर लिहिणार नाही.

ऑक्टोबर २०१९, गोंदियाचा दवाखाना, आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. तू नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतीस. ती घाबरत होती, तू तिला तयार केलंस. पहाटे साडेपाचला सिस्टरने सांगितल्यावरून तू तिला गोळी दिलीस, दोन घोट पाण्यासोबत. आठ वाजता तू रक्ताच्या बाटलीसाठी गेलीस. आई म्हणाली, "काहीच न खाता कशी जाऊ जी? हातपाय गळून राहिले." पिशवीत स्टीलचा डबा होता. तुझ्या भैयाजी मामांच्या घरून आदल्या संध्याकाळी माझ्यासाठी आलेली पेज. मी तिला ती माझ्या हाताने भरवली. सगळी. वर पदराने तोंड पुसून दिलं. ती म्हणाली, आता बरं वाटलं.

पुढचं तुला माहीत आहे. भूल उतरताना ते सगळं छातीत गेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पोट रिकामं नव्हतं, कोणी काय दिलं? तू लगेच पुढे झालीस. म्हणालीस, मी गोळी दिली, दोन घोट पाण्यासोबत. मी तुझ्या मागे दोन हातांवर उभा होतो. मी बोललो नाही. मग नळावर जाऊन डबा घासून टाकला. राखेने घासतात तसा, दवाखान्याच्या साबणाने, दोनदा.

ती तिसऱ्या दिवशी गेली. आणि तेराव्या दिवशी मी सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणालो, हिनेच नेलं तिला ऑपरेशनाला, हिनेच पाणी पाजलं.

स्वतःला मी असं समजावलं की पेज म्हणजे पाणीच. शिजल्या तांदळाचं पातळ पाणी, त्याने काय होतंय. हे मी रोज स्वतःला सांगत आलो. आणि चेतना, म्हणूनच भुरीला दिली. रीत वगैरे वरचं झालं. तिला उपाशी नेलं असतं तर मी सहा वर्षांपूर्वीचं कबूल केलं असं झालं असतं. मला ते कबूल करायचं नव्हतं. मी पेजेची वाटी त्या मुक्या जिवापुढे हट्टाने ठेवली, बघा, काही होत नाही, हे दाखवायला. आणि झालं. जसंच्या तसं माझ्या समोर झालं. त्या दिवशी गोंदियात दाराच्या आत जे झालं आणि मी पाहिलं नव्हतं, ते मला एका मांजरीने दाखवलं.

एवढंच नाही. खोड्यावर बसल्या बसल्या दुसरी गोष्ट लक्षात आली आणि त्यानेच मी जास्त हादरलो. सडक अर्जुनीच्या जनावरांच्या डॉक्टरणीला जे माहीत आहे, ते तुला माहीत नसेल? तू चार वर्षं भुलीच्या कामात आहेस. दोन घोट पाण्याने काही होत नाही हे तू किती तरी रोग्यांच्या नातेवाईकांना सांगितलं असशील. म्हणजे तुला कळलं आहे. तू रक्ताला गेल्यावर आईजवळ कोण होतं, तेही तुला माहीत आहे. आणि तू मला एकदाही विचारलं नाहीस.

बाबा


सौंदड
३० नोव्हेंबर, रविवार

चेतना,

आज कामठ्याला जाऊन आलो. भैयाजींकडे सगळे होते, मीच बोलावून घेतले होते. तेरवीच्या मांडवात जे होते त्यांच्यातले हयात असलेले जवळजवळ सगळे. चहा यायच्या आधी मी उभा राहिलो आणि सांगितलं. पेज, डबा, नळ, सगळं. वर्गात बोलतो तसं मोठ्याने बोललो, मागच्यांना ऐकू जावं म्हणून.

नंदामामी उठून आत गेल्या. पेज त्यांनी रांधली होती ना, त्यांना ते लागलं. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो आणि म्हटलं, वहिनी, तुम्ही माझ्यासाठी पाठवली होती, तुमचा काही संबंध नाही. त्यांनी दार लोटून घेतलं.

भैयाजी खाली मान घालून बसले होते. मेहुण्याला हाक मारतात तशी हाक मारून म्हणाले, "भाटवे, दोन साल आधी मी नागपूरले गेलतो. चेतनाले तोंडावर विचारलं. म्हटलं, बाई, खरंच तुझ्या हातून काही चुकलं होतं का? ती म्हणे, हो मामा, माझंच चुकलं. बाबाले कोणी काही म्हणू नका, तो एकटा आहे."

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे सगळं माहीत असताना.

मी त्या मांजरीचा श्वास थांबलेला आणि परत आलेला पाहिला, तेव्हा मला वाटलं याहून मोठं काही मी या जन्मात पाहणार नाही. आज कळलं की सहा वर्षं एक पोर नागपुरात बसून माझी लाज स्वतःच्या अंगावर घेऊन जगते आहे, रोज कामावर जाते आहे, दुसऱ्यांच्या आयांना शुद्धीवर आणते आहे. हे कुठून आलं तुझ्यात? माझ्याकडून नाही. माझ्यात तेवढं नाही. आईत एवढं होतं का, ते आता विचारायची सोय मी ठेवली नाही.

भैयाजी मग रडले. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तेरवीच्या दिवशी माझं ऐकून ते तुझ्या पाया पडले नव्हते, तू जाताना तोंड फिरवून उभे राहिले होते. तेच त्यांना खात होतं. येत्या रविवारी ते नागपूरला येणार आहेत, राहिलेलं पाया पडायला. खुशी तुझा पत्ता सांगणार आहे.

भुरीचे श्वास सव्वीस आहेत.

मी भैयाजींना विचारलं, मी पण येऊ का तुमच्यासोबत? ते म्हणाले, "मले नका विचारू. तिले विचारा."

म्हणून विचारतो. येऊ का?

बाबा